घराणे नसलेला खाँसाहेब

गणेशोत्सवाच्या दहा दिवसांत कात्रजच्या चौकापासून स्वारगेटपर्यंत कोणत्याही मंडळाच्या मांडवापाशी घटकाभर उभे राहावे. 'प्रथम तुला वंदितो' हे गाणे एकदा तरी कानांवर पडल्याशिवाय राहत नाही. १९७९ साली निघालेल्या 'अष्टविनायक' या मराठी चित्रपटातले हे गीत. पण ते आता चित्रपटाचे राहिलेले नाही, उत्सवाचे झाले आहे. त्यातला स्त्रीचा आवाज अनुराधा पौडवाल यांचा, हे बहुतेकांना ठाऊक असते. पुरुषाचा आवाज कोणाचा असे विचारले, तर आपल्या वयाच्या पुष्कळ मुलामुलींना सांगता येत नाही. तो आवाज आहे डॉ. वसंतराव देशपांडे यांचा. ज्यांचा मारवा ऐकून जाणकारांनी माना डोलावल्या, ज्यांच्या नाट्यपदांनी थिएटरे दणाणली, ठुमरी आणि गझल ज्यांनी तेवढ्याच हौसेने गायिली, त्याच माणसाचा हा मांडवातल्या कर्ण्यावरचा आवाज.

आपल्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांच्या अर्जावर शास्त्रीय गायन, सुगम गायन, नाट्यसंगीत असे वेगवेगळे रकाने असतात. वसंतराव आज विद्यार्थी असते तर हा अर्ज भरताना ते नक्कीच अडले असते. पण प्रश्न केवळ अर्जाचा नाही. 'शास्त्रीय शिकायचे असेल तर भावगीत बंद कर' असे ज्यांना सांगितले गेले आहे, अशी दोनतीन मुले तरी प्रत्येक महाविद्यालयात असतात. सांगणारे वाईट नसतात. आवाज बिघडेल, चित्त विचलित होईल ही त्यांची भीती खरी असते. अशा वेळी, ज्याने हे सगळे केले, त्याचे काय झाले आणि त्याला काय मोजावे लागले, हे पाहणे बरे. वसंतराव इकडेतिकडे भटकले आणि त्या भटकण्यातूनही मोठे झाले, असे पुष्कळदा म्हटले जाते. माझ्या मते ते भटकणे हीच त्यांची तालीम होती.

वसंतरावांचा जन्म २ मे १९२० रोजी वऱ्हाडात, अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूर येथे झाला. बालपण नागपुरात गेले. आईने एकटीने कष्ट करून त्यांना वाढवले. नागपुरात शंकरराव सप्रे यांच्या संगीत विद्यालयात त्यांचे पहिले शिक्षण झाले. सप्रे मास्तर विष्णु दिगंबर पलुसकरांच्या परंपरेतले. तेव्हा पाया शिस्तीचा पडला. पुढे हिंदी चित्रपटसृष्टीत सी. रामचंद्र म्हणून गाजलेले राम चितळकर हेही याच विद्यालयात शिकले. एकाच गुरूच्या हाताखालून एक जण चित्रपटाकडे गेला आणि एक मैफलीकडे, असे म्हणण्याचा मोह होतो. पण वसंतरावांच्या बाबतीत तेही पुरते खरे नाही. १९३५ साली भालजी पेंढारकरांनी 'कालिया मर्दन' या चित्रपटात त्यांना कृष्णाची भूमिका दिली. म्हणजे मैफलीत नाव होण्याआधी ते पडद्यावर दिसले.

यानंतरचा टप्पा लाहोरचा. मामांबरोबर ते तिकडे गेले आणि तेथे असद अली खाँ यांच्याकडे शिकू लागले. ही शिकवणी मोठी विलक्षण होती. खाँसाहेबांनी त्यांना मारवा हा एकच राग काही महिने शिकवला. मग, आता तुला गाणे आले, जा, असे सांगून निरोप दिला, अशी गोष्ट सांगतात. गोष्टींवर तिखटमीठ चढते हे धरूनही तिच्यातला मारवा महत्त्वाचा आहे. ज्यांना रागांची फारशी ओळख नाही त्यांच्यासाठी येथे थोडे थांबतो.

गाणे म्हणजे षड्जाशी नाते. तंबोरा सतत षड्ज देत असतो, गाणारा दूर जातो आणि पुन्हा त्या षड्जावर येऊन विसावतो. पंचम हा दुसरा विसावा. मारव्यात पंचम मुळीच नाही, आणि षड्जावरही लवकर टेकायचे नाही. कोमल रिषभ आणि शुद्ध धैवत या दोन स्वरांभोवती घुटमळत राहायचे. दिवस मावळलेला आहे, दिवा अजून लागलेला नाही, अशा वेळचा हा राग. विसाव्याच्या जागा काढून घेतल्यामुळे गाणाऱ्याला आधार उरतो तो फक्त स्वतःच्या कानाचा. असा राग महिनोन्‌महिने गळ्यातून घासून काढला, तर कोणत्याही अवघड जागी उभे राहण्याची सवय होणारच. खाँसाहेबांनी एक राग शिकवला असे आपण म्हणतो. मला वाटते, त्यांनी निराधार गाण्याचे धैर्य शिकवले. पुढे वसंतराव जेथे जेथे गेले तेथे ते कामी आले.

याच्या जोडीला तरुणपणी मनावर बसलेला दुसरा ठसा म्हणजे मास्टर दीनानाथ मंगेशकर. दीनानाथांचे गाणे विजेसारखे. स्वर कोठून उडी घेईल आणि कोठे पडेल याचा भरवसा नाही. पंजाबी ढंगाच्या हरकती, आणि प्रत्येक पदात नाट्य. दीनानाथ १९४२ साली अवघ्या एकेचाळिसाव्या वर्षी गेले. वसंतरावांच्या गाण्यातला अनपेक्षितपणा, श्रोत्याला दचकवून मग हसवण्याची ती लकब, ही थेट त्या घरची.

पुण्यात आल्यावर सुरेशबाबू माने यांच्याकडे त्यांचे शिक्षण झाले. सुरेशबाबू हे अब्दुल करीम खाँचे चिरंजीव आणि हिराबाई बडोदेकरांचे बंधू, म्हणजे किराणा घराण्याचे. एकेका स्वरावर सावकाश, मायेने हात फिरवणारी ही गायकी. आणि मुंबईत भेंडीबाजार घराण्याचे अमान अली खाँ. त्यांच्याकडचा माल अगदी निराळा. भेंडीबाजारवाले सरगमेचे आणि खंडमेरूचे उपासक. खंडमेरू म्हणजे काही स्वर घेऊन त्यांची उलटापालट करून होणाऱ्या सगळ्या रचना घोटणे. तीन स्वरांच्या सहा रचना होतात, चारांच्या चोवीस, आणि सातांच्या पाच हजार चाळीस. गणिताच्या तासाला शोभेल असे हे प्रकरण गळ्यावर चढवायचे, आणि गाताना मात्र गणिताचा वासही येऊ द्यायचा नाही! सुरेशबाबू आणि अमान अली खाँ हे दोघेही १९५३ साली गेले. त्या वेळी वसंतराव तेहतिशीच्या घरात होते. हातात चारपाच दिशांनी आलेली विद्या होती आणि पाठीशी एकही घराणे नव्हते.

ही गोष्ट आज आपल्याला तेवढी मोठी वाटत नाही. तेव्हा ती मोठी होती. घराणे म्हणजे काय, हे कात्रजच्या माणसाला कात्रजच्याच उदाहरणाने सांगता येईल. अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून पुणे शहरात पाणी नेले. जमिनीखालून बांधून काढलेला तो नळ, मध्ये मध्ये उच्छ्वास, आणि शहरात जागोजागी हौद. नळ बंदिस्त होता म्हणूनच पाणी इतक्या लांब स्वच्छ पोचले. घराण्याचे काम असेच आहे. मुद्रणयंत्र नाही, ध्वनिमुद्रण नाही, स्वरलिपी धड नाही, अशा काळात गाण्याची एक रीत न गढुळता चार पिढ्यांपलीकडे पोचवायची, तर वाट अरुंद आणि झाकलेली ठेवावीच लागते. घराण्यांना सरसकट संकुचित म्हणणाऱ्यांनी हे विसरू नये. पण तलावाकडे पाहिले म्हणजे दुसरी बाजू दिसते. तलावात पाणी येते ते डोंगरावरच्या अनेक ओढ्यांमधून, आणि कोणता थेंब कोणत्या ओढ्याचा हे तेथे कोणी विचारत नाही. वसंतरावांचा पिंड तलावाचा होता. मैफलीत मात्र प्रश्न विचारला जाई तो नळाचा: तुम्ही कोणत्या घराण्याचे?

आपले घराणे आपल्यापासूनच सुरू होते, असे उत्तर ते देत, ही कथा प्रसिद्ध आहे. वाचताना उत्तर झोकदार वाटते. ते देणाऱ्याला किती वेळा द्यावे लागले असेल, याचा विचार केला म्हणजे त्यातली बोच कळते.

येथे कोणी शंका घेईल की अनेक घराण्यांची विद्या घेणारे वसंतराव काही पहिले नव्हेत. शंका रास्त आहे. याच पुण्यात १९११ साली भारत गायन समाज काढणारे भास्करबुवा बखले हे ग्वाल्हेरचे फैज महंमद खाँ, आग्र्याचे नत्थन खाँ आणि जयपूरचे अल्लादिया खाँ अशा तिघांकडे शिकले होते. त्यांनीच १९१६ च्या 'संगीत स्वयंवर' नाटकाला चाली दिल्या. त्यांना कोणी बिनघराण्याचे म्हटले नाही. मग वसंतरावांनाच का? मला दिसणारे कारण असे, की भास्करबुवांनी एकेका उस्तादाच्या घरी वर्षानुवर्षे राहून, पाणी भरून, एकेक विद्या पुरी केली. आधी तीन घरचे पाहुणचार पुरे केले आणि मग आपला संसार मांडला. वसंतरावांना ती सवड कोणी दिली नाही. त्यांना सकाळी कचेरीत जायचे होते.

कारण दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून वसंतराव पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात, म्हणजे मिलिटरी अकाउंट्समध्ये, नोकरी करीत होते. ही नोकरी थोडीथोडकी नव्हे, वीस वर्षांहून अधिक काळ चालली. रात्री मैफल आणि सकाळी हजेरीपुस्तक. रियाजाची उत्तम वेळ पहाटेची, पण रात्रभर गायलेल्या माणसाची पहाट ती कोणती? त्यांच्या पिढीचे भीमसेन जोशी किंवा कुमार गंधर्व भर तारुण्यात पूर्ण वेळ गायक होते. वसंतराव त्या वयात जमाखर्च तपासत होते. पोटापाण्याची चिंता आईच्या काळापासून पाठीशी लागलेली. पगाराची नोकरी सोडून गाण्यावर विसंबणे हे ज्याच्या घरी जमीनजुमला आहे त्याला सोपे. वसंतरावांचे तसे नव्हते. साठच्या दशकात त्यांची बदली थेट ईशान्य सीमेकडे नेफात झाली. जेथे तंबोऱ्याला जोड मिळायची नाही, तेथे गायकाने हिशेब लिहीत बसायचे! पु. ल. देशपांडे यांच्यासारखे मित्र नोकरी सोडण्याचा आग्रह पुष्कळ दिवस करीत होते. अखेर साठच्या दशकाच्या मध्यावर वसंतरावांनी नोकरी सोडली. तेव्हा त्यांचे वय पंचेचाळिशीच्या आसपास होते.

बी.ए.च्या वर्गात बसून 'पुढे काय?' या प्रश्नाला रोज तोंड देणाऱ्यांनी हे आकडे एकदा नजरेखालून घालावेत. आजही संगीत शिकणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला हीच विभागणी येते. फरक एवढाच, की आपण तिला तात्पुरती म्हणतो.

नोकरी सुटल्यावर दोनएक वर्षांतच, १९६७ च्या डिसेंबरात, 'कट्यार काळजात घुसली' रंगभूमीवर आले. लेखक पुरुषोत्तम दारव्हेकर, संगीत जितेंद्र अभिषेकी, निर्मिती प्रभाकर पणशीकरांच्या 'नाट्यसंपदा'ची. वसंतरावांच्या आयुष्याचा आणि आपल्या विषयाचाही हा मध्य आहे. म्हणून येथे सविस्तर लिहितो.

नाटकाचे कथानक थोडक्यात असे. एका संस्थानात पंडित भानुशंकर हे राजगायक. खाँसाहेब आफताब हुसेन वर्षानुवर्षे त्यांच्याशी सामना करतात आणि हरतात. मग एके वर्षी खाँसाहेब राजगायक होतात, पंडितजींची हवेली त्यांना मिळते, आणि राजगायकाची मानाची कट्यारही मिळते. या कट्यारीने केलेला एक खून माफ असतो. पंडितजींचा शिष्य सदाशिव हवेलीत येतो. त्याला आता खाँसाहेबांची विद्या हवी आहे. खाँसाहेब देत नाहीत. आपल्या घराण्याची गायकी परक्याच्या, त्यातून प्रतिस्पर्ध्याच्या चेल्याच्या गळ्यात पडायची नाही, हा त्यांचा हट्ट. सदाशिव चोरून शिकतो, आणि शेवटी त्याच्या गाण्यापुढे खाँसाहेबांचा अहंकार गळून पडतो.

आता गंमत पाहा. घराण्याच्या अभिमानाने पेटलेला हा खाँसाहेब रंगभूमीवर उभा केला कोणी? ज्याला आयुष्यभर 'तुमचे घराणे कोणते' असे विचारून खिजवले गेले, त्या वसंतरावांनी. आणि चाली कोणी दिल्या? अभिषेकीबुवांनी. बुवा मूळचे गोव्यातील मंगेशीचे, जन्म १९२९ चा, वडील कीर्तनकार. जगन्नाथबुवा पुरोहित, अझमत हुसेन खाँ, गुलुभाई जसदनवाला अशा अनेकांकडून त्यांनी विद्या मिळवली, म्हणजे तेही याच वाटेने आलेले. घराण्याच्या भिंतीवरचे मराठीतले सर्वांत गाजलेले नाटक, ती भिंत ओलांडून आलेल्या दोघांनी गाऊन दाखवले. मला तर असे वाटते की ती भिंत बाहेरून पाहिलेली असल्यामुळेच वसंतरावांना तिची उंची नेमकी ठाऊक होती. त्यांचा खाँसाहेब नुसता दुष्ट होत नाही. वर्षानुवर्षे हरलेल्या माणसाचा अभिमान म्हणजे त्याची एकुलती एक मालमत्ता, हे त्या भूमिकेत दिसत असे, असे ज्यांनी ते प्रयोग पाहिले त्यांच्याकडून ऐकायला मिळते. उशिरा मान मिळालेल्या माणसाची कळ त्यांना उसनी आणावी लागली नाही.

या नाटकात 'घेई छंद मकरंद' हे एकच पद दोन प्रकारे गायिले जाते. पंडितजींच्या बाजूची चाल सालगवराळी रागात. ती संथ, आत वळलेली. जणू गाणारा आपल्याशीच बोलतो आहे. खाँसाहेबांची चाल धानी रागात आणि द्रुत. शब्द तेच, भुंगा तोच, मध तोच. पण पहिल्या चालीत भुंगा कमळात बसलेला आहे आणि दुसरीत तो बागभर घोंगावतो आहे. एका नाटकात दोन गायकींचे चारित्र्य अशा रीतीने समोरासमोर ठेवणे ही अभिषेकीबुवांची करामत. आणि यात आणखी एक बारीक गोष्ट आहे, ती सहसा कोणी बोलून दाखवीत नाही. धानी हा काही भारदस्त दरबारी राग नव्हे. सा ग म प नि या पाच स्वरांतला, लोकगीताच्या अंगणातून आलेला हा राग. जाणकार त्याची गणना हलक्याफुलक्या रागांत करतात. घराण्याच्या दिमाखाने गाणाऱ्या खाँसाहेबाच्या तोंडी बुवांनी हा राग घातला, आणि वसंतरावांनी त्यात अशी काही तानांची आतषबाजी केली, की ऐकणाऱ्याला भारी आणि हलके यांतला भेदच आठवू नये.

एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात जाणे म्हणजे नेमके काय, हेही या निमित्ताने पाहता येईल. सूर तेच बारा, ताल बहुधा तेच. बदलते ते शब्दाशी असलेले नाते. ख्यालात शब्द चारदोनच असतात आणि ते खुंटीसारखे. सारे वस्त्र रागाचे. ठुमरीत एकच ओळ दहा तऱ्हांनी वळवून तिच्यातले दहा भाव दाखवायचे. नाट्यपदात समोर प्रसंग उभा असतो. तान कितीही लांब गेली तरी तिला ठरावीक शब्दावर, त्याच रागलोभासकट परत यावे लागते. लावणीला ठसका हवा. चित्रपटगीताला तीन मिनिटांपलीकडे सवड नसते. सगळे प्रकार गाणारे पुष्कळ असतात. पण बहुतेकांच्या बाबतीत ख्यालगायक ठुमरी 'म्हणतो' आणि नाट्यगायक ख्याल 'म्हणतो', असे होते. वसंतराव प्रत्येक घरात तेथल्या चपला घालून वावरत. त्यांचा हात तबल्यावरही चांगला बसलेला होता, त्यामुळे लयीशी खेळणे त्यांना सहज जमे. समेला अगदी शेवटच्या क्षणी, जणू आठवण झाल्यासारखे येऊन पडायचे ही त्यांची खोड.

पण मला सर्वांत मोठा पुरावा वाटतो तो त्यांनी काय गायिले नाही याचा. 'अष्टविनायक'मध्येच 'दाटून कंठ येतो' हे त्यांचे गाणे आहे. मुलगी सासरी निघालेली, आणि बाप तिला निरोप देतो आहे. चित्रपटात तो बाप स्वतः वसंतरावच आहेत. ज्याच्या गळ्यात तानांचे कारंजे होते तो हा गायक येथे तान घेतच नाही म्हटले तरी चालेल. आवाज थोडा जड, शब्द जपून टाकलेला, मध्ये श्वास ऐकू येतो. पाच हजार चाळीस रचना घोटलेल्या माणसाने त्या सगळ्या खिशात ठेवून नुसते बोलावे, तसे हे गाणे आहे. सुगम गायल्याने शास्त्रीय बिघडते असे म्हणणाऱ्यांना हे गाणे ऐकवावे, आणि सुगम सोपे असते असे समजणाऱ्यांनाही.

हे सर्व आपल्या परंपरेला सोडून होते असेही नाही. मराठी नाट्यसंगीत ही मुळातच सरमिसळ आहे. १८८० साली किर्लोस्करांचे 'शाकुंतल' आले तेव्हा त्यात साकी, दिंडी, कीर्तनाचे ढंग, कानडी चाली, लावणीची वळणे हे सगळे एकत्र नांदत होते. १९११ च्या 'मानापमान'ला गोविंदराव टेंब्यांनी उत्तर हिंदुस्थानी ठुमरी-दादऱ्याचा साज चढवला; 'स्वयंवर'मध्ये भास्करबुवांनी ख्याल आणला. म्हणजे तीन पिढ्या ज्या मिश्रणावर महाराष्ट्र डुलत होता, तेच मिश्रण एका गळ्यात सापडल्यावर मात्र आपण त्या गळ्याचे गोत्र विचारू लागलो. नाट्यसंगीताच्या या वाटचालीवर वसंतराव स्वतः सप्रयोग बोलत, जुन्या नटांच्या गायकीचे नमुने गाऊन दाखवत. त्यांना आपण कोठे उभे आहोत याची जाण पुरेपूर होती. उनाडपणा करणारा माणूस नकाशा काढीत बसत नाही.

आक्षेपही नीट मांडले पाहिजेत. वसंतरावांचे गाणे फार बोलके आहे, त्यात शांतता कमी, असे काही जाणकार म्हणत आले आहेत. त्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. त्यांच्या काही ध्वनिमुद्रणांत राग पुरता फुलण्याआधीच तानांची घाई झालेली ऐकू येते. टाळी कोठे येणार हे त्यांना माहीत असते, आणि तो मोह त्यांना प्रत्येक वेळी आवरत नाही. रंगभूमीची सवय मैफलीत डोकावते. ज्याला किराण्याचा संथ विलंबित आवडतो, त्याला हे खटकावे हे साहजिक आहे. मात्र याच कानांनी त्यांचा मारवा ऐकावा. तेथे ही घाई कोठच्या कोठे पळालेली असते. लाहोरच्या त्या काही महिन्यांची पुंजी त्यांनी अखेरपर्यंत मोडली नाही, असे तो मारवा ऐकताना वाटत राहते.

वसंतरावांना १९८२ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. पुढच्याच वर्षी, ३० जुलै १९८३ रोजी, पुण्यात त्यांचे निधन झाले. वय त्रेसष्ट. पूर्ण वेळ गायक म्हणून त्यांना मिळाली ती जेमतेम अठरा वर्षे. कचेरीत याहून अधिक गेली.

त्यांनी सुरू केलेल्या त्या घराण्याचे पुढे काय झाले? त्यांचे नातू राहुल देशपांडे हे आजोबा गेले तेव्हा चार वर्षांचेही नव्हते. समोर बसून तालीम मिळण्याचा प्रश्नच नव्हता. ते शिकले निरनिराळ्या गुरूंकडे, आणि आजोबांचे गाणे त्यांनी घेतले ते मुख्यतः ध्वनिमुद्रणांवरून. पुढे 'कट्यार' त्यांनी पुन्हा रंगभूमीवर आणले आणि आजोबांचा खाँसाहेब स्वतः केला. २०१५ साली सुबोध भावे यांनी त्यावर चित्रपट काढला. त्यात राहुल देशपांडे गायिले, आणि अभिषेकीबुवांचे शिष्य महेश काळे यांना त्यातील गायनासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २०२२ साली निपुण धर्माधिकारी दिग्दर्शित 'मी वसंतराव' प्रदर्शित झाला; त्यात आजोबांची भूमिका नातवानेच केली, आणि त्यातील गायनासाठी राष्ट्रीय पुरस्कारही मिळवला. नाटकातला सदाशिव हवेलीच्या भिंतीला कान लावून चोरून शिकला. या नातवाला भिंतही नव्हती, फक्त फिती होत्या.

ज्यांना आता वसंतराव ऐकावेसे वाटतील त्यांना एक सुचवतो. सुरुवात 'घेई छंद'च्या धानीतल्या चालीने करावी, लगेच सालगवराळीतली चाल ऐकावी, आणि मग थोडे थांबून, संध्याकाळी दिवे लागायच्या आधी, मारवा लावावा. पहिली दहा मिनिटे षड्ज कधी येतो याची वाट पाहण्यातच जातील. तो येतो तेव्हा गाणारा तेथे फार वेळ थांबत नाही.